भागवावे, पण नोंदवावे



वसंत ऋतूतील ह्या व्याख्यानांना आपण येता ते तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण आणि साहित्य ऐकण्यासाठी. त्या पंगतीला कापूस, चिकटपट्टी आणि सलाइनची नळी घेऊन बसणे हे थोडे धाडसच आहे, ह्याची मला जाणीव आहे. परंतु आपल्यापैकी प्रत्येकजण आयुष्यात केव्हा ना केव्हा रुग्णालयातील खाटेवर, निदान खाटेशेजारच्या स्टुलावर, बसलेला आहे किंवा पुढे बसणार आहे. त्या वेळी आपले लक्ष मोठ्या डॉक्टरांच्या फेरीकडे असते. पण दोन फेऱ्यांच्या मधले बावीस-तेवीस तास ज्या गोष्टींवर निभावतात, त्या फार लहान असतात. सुई हवी त्या वेळी मिळणे, सिलिंडरची चावी जागेवर असणे, हातमोज्यांचे खोके रिकामे नसणे, अशा त्या गोष्टी आहेत. पस्तीस वर्षे मी परिचारिका म्हणून नोकरी केली. त्यांतील निम्म्याहून अधिक काळ परिसेविका, म्हणजे आपण जिला वॉर्डाची इनचार्ज सिस्टर म्हणतो, ती होते. त्या अनुभवाच्या आधारे मी आज बोलणार आहे.

तुटवडा म्हटला की आपल्याला मोठे प्रसंग आठवतात. २०२० सालच्या साथीत मास्क आणि संरक्षक पोशाख मिळेनात, २०२१ च्या उन्हाळ्यात प्राणवायूसाठी धावाधाव झाली, हे आपण सर्वांनी पाहिले. त्या तुटवड्यांची बातमी होते, त्यांवर सभागृहात प्रश्न विचारले जातात, रात्रीतून टँकर धावतात. मला सांगायचे आहे ते ह्याहून लहान, रोजच्या, बातमी न होणाऱ्या तुटवड्याविषयी. आज चिकटपट्टी नाही, उद्या लहान मुलांचे आयव्ही सेट नाहीत, परवा बी.पी.च्या यंत्राचा रबरी फुगा फाटला आहे. ह्या तुटवड्याला परिचारिका एकच क्रियापद वापरतात. ते म्हणजे ‘भागवणे’. ‘सिस्टर, गॉज नाही.’ ‘असू दे, भागवून घेऊ.’ हे क्रियापद किती उपकारक आहे आणि किती घातक, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय होय.

वस्तू फिरत होती, ती संपू लागली

भागवण्याची ही सवय आम्हाला कुठून लागली, ते आधी सांगितले पाहिजे. मी नोकरीला लागले तेव्हा पिचकाऱ्या काचेच्या असत. त्या धुऊन, उकळून पुन्हा वापरायच्या. सुयांना धार लावली जाई. रबरी हातमोजे धुवायचे, वाळवायचे, फुंकून भोक पाहायचे, ठिगळ लावायचे, पावडर टाकून निर्जंतुक करण्यासाठी पाठवायचे. रात्रपाळीला काम थोडे हलके असले की आम्ही मुली कापसाचे बोळे आणि गॉजच्या घड्या करीत बसत असू. त्या काळी वॉर्डातील वस्तू फिरत असे. सकाळी गेलेली वस्तू संध्याकाळी परत येई. एखादी कमी पडली तर दुसरीचा फेरा लवकर करायचा, एवढाच प्रश्न असे. काटकसर हा त्या व्यवस्थेचा प्राणच होता, आणि ज्या सिस्टरला भागवता येते ती चांगली सिस्टर, असा लौकिक असे.

पुढे एड्सचे आणि काविळीच्या विषाणूंचे भय आले, आणि एकदाच वापरून टाकून द्यायच्या वस्तूंचे युग सुरू झाले. हा बदल योग्यच होता. पण त्याने तुटवड्याचे स्वरूप पालटले, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. आता वस्तू फिरत नाही, ती संपते. वापरलेली सुई परत यायची नसते आणि येताही कामा नये. म्हणजे जुन्या काळी जे काम काटकसरीने होई, ते आता मोजणीने झाले पाहिजे. आम्ही मात्र काटकसरीची जुनी वृत्ती जपली आणि मोजणीची नवी सवय लावून घेतली नाही. त्याचा परिणाम काय होतो, ते एका रात्रीच्या हकिकतीवरून सांगते.

एका रात्रीची हकिकत

२००८ च्या सुमाराची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. पुरुषांचा वॉर्ड, खाटा तीस आणि रुग्ण पंचेचाळीस. वरचे पंधरा जमिनीवरच्या गाद्यांवर. सोमवारी रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्या संपल्या. शेजारच्या बायकांच्या वॉर्डातून आम्ही दहा आणल्या. मंगळवारी आठ आणल्या. बुधवारी तिथल्या सिस्टरने कुरकुर करीत पाच दिल्या, आणि आमच्याकडे असे ठरले की, गंभीर तेवढ्यांचीच साखर पाहायची. ‘ठरले’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. कोणी एकाने ते ठरवले नव्हते, कुठे लिहिले नव्हते. ते आपोआप ठरले.

एक शेतकरी पायाच्या जखमेसाठी दाखल होते. वय पासष्टीचे, मधुमेह जुना, पण माणूस हिंडता-फिरता आणि हसतमुख. ते ‘गंभीर’ नव्हते, म्हणून बुधवारी संध्याकाळी त्यांची साखर पाहिली गेली नाही. इन्सुलिन मात्र आदल्या दिवसाच्या मात्रेप्रमाणे दिले गेले. त्या संध्याकाळी मळमळते म्हणून ते जेवलेच नव्हते, हे त्यांच्या बायकोला ठाऊक होते, आम्हाला नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास रात्रपाळीच्या मुलीने पाहिले तेव्हा ते घामाने थबथबलेले होते आणि हाकेला ओ देत नव्हते. मुलगी हुशार होती. पट्टी नसतानाही तिने ओळखले, डॉक्टरांना उठवले, शिरेतून ग्लुकोज गेले. ते शुद्धीवर आले, पण दोन दिवस स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हते. पुढे सुधारले आणि घरी गेले. ते गेले असते तर चौकशी झाली असती. वाचले, म्हणून कोणी काही विचारले नाही.

विचारले ते फक्त त्यांच्या बायकोने. ती मला म्हणाली, ‘बाई, पट्टी नव्हती तर आमाला सांगायचं व्हतं. पोरानं गावातनं आणली असती.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला उत्तर देता आले नाही.

त्याच सकाळी मी तणतणत स्टोअरमध्ये गेले. स्टोअरकीपरने शांतपणे फडताळाकडे बोट दाखवले. तिथे पट्ट्यांची सहा खोकी होती. मग त्याने रजिस्टर उघडून विचारले, ‘सिस्टर, तुमच्या वॉर्डाचे शेवटचे मागणीपत्र कधी आले, ते आपणच पाहा.’ ते तीन आठवड्यांपूर्वी आले होते. सकाळपाळीला वाटले, दुपारपाळीने लिहिले असेल; दुपारपाळीला वाटले, सिस्टर लिहितील; आणि मला तर पट्ट्या संपल्याचे ठाऊकच नव्हते, कारण काम अडले नव्हते. आम्ही भागवीत होतो! दोष त्या मुलीचा नव्हता, स्टोअरकीपरचाही नव्हता. वॉर्ड माझा होता.

भागवण्यामुळे काय झाकले जाते

हा दोष माझ्या एकटीचा म्हणून मी पुष्कळ दिवस मनाशी बाळगला. नंतर कळले की, ह्याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. अनिता टकर आणि एमी एडमंडसन ह्या दोन अमेरिकन संशोधिकांनी नऊ रुग्णालयांतील २६ परिचारिकांच्या मागे राहून २३९ तास त्यांचे काम पाहिले आणि २००३ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे. वस्तू नाही, यंत्र बिघडले, माहिती अपुरी, अशा अडचणी परिचारिकेपुढे दिवसभर उभ्या राहतात. दहापैकी नऊहून अधिक वेळा ती अडचण तेवढ्यापुरती दूर करते आणि पुढच्या रुग्णाकडे वळते. अडचण का आली, हे विचारायला तिला सवड नसते. ज्याच्या हातात कायमचा उपाय आहे, त्याच्या कानावर ती गोष्ट जातच नाही. म्हणून तीच अडचण उद्या पुन्हा तिथेच उभी असते. अमेरिकेतील श्रीमंत रुग्णालयांतसुद्धा हे असेच आहे, हे वाचून मला थोडे समाधान वाटले आणि अधिक भीती वाटली.

ह्यामागचे गणित साधे आहे. रुग्णालयाने पुढील वर्षी कोणती वस्तू किती घ्यायची, हे बहुधा मागील वर्षीच्या खपावरून ठरते. आता एखादी वस्तू चार महिने मिळालीच नाही, आणि ती नातेवाइकांनी बाहेरून आणली किंवा तिच्यावाचून भागवले, तर रजिस्टरात त्या चार महिन्यांचा खप शून्य दिसतो. शून्य पुरवठा म्हणून शून्य खप, आणि शून्य खप म्हणून गरज कमी, असा हिशेब होऊन पुढील वर्षी ती वस्तू आणखी कमी येते. जी परिचारिका मुकाट्याने भागवते, ती नकळत पुढच्या वर्षीच्या तुटवड्यावर सही करीत असते. ‘ई-औषधी’सारख्या संगणकप्रणाली आल्या, २०२३ साली महाराष्ट्रात वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण संगणकाला कळते ते स्टोअरमधून काय बाहेर पडले ते. पहाटे तीन वाजता वॉर्डात काय नव्हते, हे त्याला कोणी सांगितल्यावाचून कळणार नाही.

भागवण्याची एक धाकटी बहीण आहे, तिचे नाव साठवण. एकदा तुटवड्याचा चटका बसलेली सिस्टर पुढच्या खेपेला दोन खोकी अधिक मागवते आणि कपाटाच्या मागच्या खणात ठेवते. तिचा हेतू वाईट नसतो, आपल्या रुग्णांसाठीच ती हे करते. पण समजा, दहा वॉर्डांनी प्रत्येकी दोन खोकी दडवली. वीस खोकी कुलपात गेली. स्टोअरला वाटते, ती वापरली गेली. स्टोअर रिकामे होते, त्याची कुजबुज पसरते, आणि पुढच्या महिन्यात प्रत्येक वॉर्ड चार खोकी दडवतो. रुग्णालयात माल आहे, पण जिथे रुग्ण आहे तिथे नाही. वर्षाअखेर त्याच खणातून मुदत संपलेली खोकी निघतात. रॉकेलच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. टंचाईच्या भीतीने केलेली साठवण टंचाईच वाढवते.

हे सारे आजचेच आहे असेही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथे सैनिकांच्या अंगावर धड सदरे नव्हते; आणि सदऱ्यांचे गठ्ठे येऊन पडले तरी अधिकाऱ्यांच्या मंडळाने पाहिल्यावाचून ते सोडता येत नव्हते. आपण त्यांना दिवा घेऊन फिरणारी देवी म्हणून ओळखतो, पण त्यांच्या हातात दिव्याइतकीच वहीही होती. त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात किरकोळ व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपण हजर असताना जे करतो ते आपल्या गैरहजेरीतही होईल अशी तजवीज करणे, हे त्या प्रकरणाचे सार होय. पट्ट्या संपल्याचे मला न कळणे, ही ह्याच तजविजीतील उणीव होती.

बदली वस्तू केव्हा चालते

आता आपण विचाराल की, वस्तू खरोखरच नसेल तर भागवायचे की नाही? अवश्य भागवायचे. भागवण्याच्या बुद्धीतून वैद्यकाला मोठी देणगीही मिळालेली आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ उसळली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा मिश्रणाच्या पुड्या बांधवल्या, आणि ते पाणी आप्तेष्टांच्या हातून रुग्णांना पाजवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. आज घरोघर ठाऊक असलेल्या जलसंजीवनीची ही मोठी कसोटी होती. तसेच १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उबेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे ह्यांनी बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, ठेवण्याची पद्धत सुरू केली. ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून ती आता आपल्याकडेही शिकवली जाते.

परंतु भागवण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे हेपॅटायटिस-बी काविळीची प्राणघातक साथ आली. वापरलेल्या सुया आणि पिचकाऱ्या पुन्हा वापरल्या गेल्या, हे तिचे कारण होते. तिथेही एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू वापरली गेली होती.

ह्या दोन्हींत फरक कोणता? मी माझ्या विद्यार्थिनींना एक प्रश्न विचारायला शिकवीत असे. ‘ह्या वस्तूचे काम काय?’ सलाइनचे काम मीठपाणी शरीरात पोचवणे. रुग्णाला पिता येत असेल तर आतडेही ते काम करते; आणि हे ढाका व कलकत्ता येथील अभ्यासांतून आधीच सिद्ध झालेले होते. डॉ. महालनबीस ह्यांनी अंधारात उडी मारली नव्हती. उबेच्या पेटीचे काम ऊब देणे, ते आईचे शरीर करते. पण पिचकारीचे काम केवळ औषध आत ढकलणे नव्हे. एकाचे रक्त दुसऱ्याला न लागू देणे हेही तिचे काम आहे, आणि वापरलेली पिचकारी ते करू शकत नाही. सलाइन टांगायला स्टँड नसेल तर भिंतीवरचा भक्कम हूक चालेल, उशी नसेल तर चादरीची घडी चालेल. कारण त्यांचे सारे काम ती बदली वस्तू करते. निर्जंतुक वस्तूच्या जागी केवळ स्वच्छ दिसणारी वस्तू कदापि चालणार नाही.

औषधांच्या बाबतीत आणखी एक सापळा असतो. नाव तेच, बाटली तेवढीच, पण औषधाची तीव्रता निराळी. हेपॅरिन नावाचे रक्त गोठू न देणारे औषध आहे. त्याच्या पाच मिलिलिटरच्या बाटल्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला १००० युनिट असतात, दुसरीत ५०००. नेहमीची मिळाली नाही म्हणून दुसरी आली आणि हात सवयीने चालला, तर रुग्णाला पाचपट मात्रा जाईल. म्हणून बदली वस्तू काय चालेल आणि काय चालणार नाही, ह्याचा निर्णय दिवसाउजेडी, डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिसेविका ह्यांनी एकत्र बसून घ्यावा, त्याची यादी करून भिंतीवर लावावी. पहाटे तीन वाजता वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या एकटीच्या माथी तो टाकू नये.

हिशेबाचे साधे नियम

त्या रात्रीनंतर आमच्या वॉर्डात आम्ही जे नियम केले, ते काही फार विद्वत्तेचे नव्हते. ते आपल्या स्वयंपाकघरातलेच होते.

पहिला नियम दोन डब्यांचा. घरची बाई साखरेचा लहान डबा वापरते आणि मोठा डबा वर ठेवते. लहान रिकामा झाला की मोठ्यातून भरते, आणि त्याच क्षणी वाण्याच्या यादीत ‘साखर’ लिहिते. मोठाही संपेपर्यंत ती थांबत नाही. आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूची दोन खोकी केली. पहिले संपताच त्यावरचे कार्ड काढून मागणीच्या खिळ्याला टोचायचे. हे काम सिस्टरचे नव्हे, ज्याच्या हातून शेवटची वस्तू गेली त्याचे. मग तो डॉक्टर असो, ब्रदर असो, मामा असोत की मावशी.

दुसरा नियम रेघेचा. समजा, वॉर्डात रोज ४० आयव्ही सेट लागतात, आणि मागणी लिहिल्यापासून माल हाती पडेपर्यंत तीन दिवस जातात. म्हणजे १२० सेट वाट पाहण्यातच संपणार. त्यात सुटी, सण आणि तापाच्या साथीची गर्दी ह्यांसाठी दोन दिवसांचे ८० राखून ठेवा. बेरीज २०० झाली. कपाटात २०० सेट उरले की मागणी लिहायची, ही रेघ. रेघ फळीवर तांबड्या रंगाने ओढली की, मोजायचेही कारण पडत नाही, डोळ्यांनाच दिसते.

तिसरा नियम ‘ओव्हर’चा. पाळी बदलताना आम्ही रुग्णांची माहिती एकमेकींना देतो, तिला ओव्हर देणे म्हणतात. त्या वेळी शंभर वस्तू मोजायला कोणालाच वेळ नसतो. पण ज्यांच्यावाचून जीव जाईल अशा दहा-बारा वस्तू निवडता येतात. सक्शनची नळी, ऑक्सिजनची चावी आणि भरलेला सिलिंडर, कृत्रिम श्वासाची पिशवी, साखरेच्या पट्ट्या, तातडीची इंजेक्शने, अशा त्या असतात. त्या एका ट्रॉलीत ठेवून, तपासून, वर क्रमांकाची मोहोर लावायची. मोहोर शाबूत असेल तर ट्रॉली भरलेली आहे, तुटलेली असेल तर तोडणाऱ्या पाळीने भरून पुन्हा लावायची. मात्र महिन्यातून एकदा मोहोर आपण होऊन तोडायची आणि मुदती पाहायच्या. जिची मुदत आधी संपते ती वस्तू आधी वापरायची, आणि आपल्याकडे खपणार नसेल तर वेळेतच दुसऱ्या वॉर्डाला द्यायची.

चौथा नियम उसनवारीच्या वहीचा. शेजारच्या वॉर्डातून वस्तू आणणे हा गुन्हा नाही, पण ती लिहून आणायची आणि फेडायची. एकाच वस्तूची उसनवारी आठवड्यात दोनदा दिसली की ती आपली रेघ चुकल्याची खूण समजायची.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अवघड. त्याला आम्ही ‘नव्हते’ची वही म्हणत असू. तिच्यात तीनच रकाने होते. काय नव्हते? कसे भागवले? त्यामुळे रुग्णाचे काय राहिले? तिसरा रकाना लिहिताना हात जड होतो. ‘साखर पाहिली नाही’, ‘ड्रेसिंग उद्यावर टाकले’, ‘नातेवाइकांना बाहेरून आणायला सांगितले’, हे स्वतःच्या अक्षरात लिहायला कोणालाच आवडत नाही. म्हणून ही वही शिक्षेसाठी नाही, असे वरिष्ठांनी आधी सांगितले पाहिजे, आणि नंतर तसे वागूनही दाखवले पाहिजे. पहिल्या महिन्यात आमच्या वहीत चार ओळी पडल्या. तुटवडा चारच वेळा झाला असे नव्हे. मुलींना भीती वाटत होती. अधिसेविकांनी ती वही वाचून पहिल्या ओळीवरची वस्तू स्वतः मिळवून दिली, तेव्हा दुसऱ्या महिन्यापासून वही भरू लागली.

मोजण्याने वस्तू वाचते, हे मोठ्या संकटातही दिसले आहे. २०२१ च्या साथीत नंदुरबार जिल्ह्यात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमण्यात आल्या होत्या. रुग्णाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पुनःपुन्हा पाहायचे आणि गरजेप्रमाणे प्रवाह कमी-अधिक करायचा, एवढेच त्यांचे काम होते. ज्याला कमी पुरेल त्याचा प्रवाह वेळीच कमी केला की, तो प्राणवायू दुसऱ्याच्या कामी येतो. सिलिंडरची संख्या न वाढवताही साठा वाढवण्याचा हा उपाय आहे.

नियमांनी सगळे होते, असा मात्र माझा दावा नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलेन नावाच्या वादळाने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातला बॅक्स्टर कंपनीचा एक कारखाना पाण्याखाली गेला. त्या देशातील शिरेतून द्यायच्या द्रवांपैकी सुमारे ६० टक्के तिथे तयार होत. पाठोपाठ अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आणि ज्यांना पिता येते त्यांना तोंडावाटे पाणी द्या, असे सांगावे लागले. बनगावचा धडा त्रेपन्न वर्षांनी सर्वांत धनाढ्य देशाला गिरवावा लागला. पैसा अपुरा असेल, कारखाना बुडाला असेल, निविदा अडकली असेल, तर वॉर्डातल्या वहीने माल उत्पन्न होणार नाही. आणि जिथे पंचेचाळीस रुग्णांमागे एकच परिचारिका आहे, तिथे सर्वांत मोठा तुटवडा तिचाच आहे, आणि तो कोणत्याही कपाटात दिसत नाही. एका चिकटपट्टीसाठी ती तीन वॉर्ड हिंडते, तेव्हा ती वेळ कोणा ना कोणा रुग्णाच्या उशाची असते. पण कुठला तुटवडा पैशाचा, कुठला कारभाराचा आणि कुठला आमच्याच कपाटाचा, हे वेगळे करून दाखवणे वहीलाच शक्य आहे. तिच्यावाचून सगळ्यांचे उत्तर एकच असते, ‘वरूनच येत नाही.’

नागरिकांचे काम

शेवटी आपल्याविषयी थोडे. रुग्णालयात वस्तू नसते तेव्हा आपला राग समोर दिसणाऱ्या परिचारिकेवर निघतो. खरेदीचा अधिकार तिला नाही. पण तोंड तिचे दिसते. तिला बोलून वस्तू येत नाही, उलट पुढच्या वेळी ती ‘नाही’ म्हणायचे टाळते आणि गुपचूप भागवते. आपण शांतपणे एवढेच विचारावे, ‘सिस्टर, काय नाही, आणि ते कोणाला कळवले आहे?’ हा प्रश्न तिला आधार देतो. आमच्या बाजूनेही एक कर्तव्य आहे. रुग्णाच्या उपचारातून काही गाळले जात असेल, तर ते त्याला आणि त्याच्या माणसांना सांगितले पाहिजे.

दान देणाऱ्यांना विनंती अशी की, फळे वाटण्याआधी वॉर्डात जाऊन यादी विचारावी. चाकाच्या खुर्चीवर देणगीदाराचे नाव शोभते, बी.पी.च्या यंत्राच्या फुग्यावर ते रंगवता येत नाही. पण रात्री अडते ते त्या फुग्यावाचून. आणि सरकारी रुग्णालयांतून २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून रुग्ण कल्याण समित्या आल्या आहेत. किरकोळ गरजा भागवण्यासाठी त्यांच्या हाती थोडा निधीही दिलेला असतो. आपल्या गावच्या समितीला वर्षातून चार वेळा एकच प्रश्न विचारा, ‘गेल्या तीन महिन्यांत कोणत्या वस्तू किती दिवस नव्हत्या?’ ह्याचे उत्तर ‘काहीच नव्हते असे झाले नाही’ असे मिळाले, तर समजा की तिथे तुटवडा नाही असे नसून वही नाही. उत्तर यादीच्या रूपाने मिळाले तर त्या लोकांना दोष देऊ नका. त्यांनी कामाचा निम्मा भाग केलेला आहे, उरलेल्या निम्म्याला आपण हातभार लावा.

भागवणे हा आमचा धर्म आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. रुग्ण समोर असताना ‘वस्तू नाही’ म्हणून हात बांधून बसणारी परिचारिका मी पस्तीस वर्षांत पाहिली नाही. पण भागवलेले प्रत्येक काम त्याच पाळीत लिहून ठेवले, तरच उद्या ते भागवावे लागणार नाही. त्या माउलीचे म्हणणे एवढेच होते की, आम्हाला सांगायला हवे होते. तिला द्यायचे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही. आज आपल्यासमोर जे बोलले, तेच ते उत्तर समजावे.